मायबापांचा खोकला

प्रवेश पहिला

(कोल्हापूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतली एक बंद फाउंड्री. आता इथे 'चौथी भिंत' ही संस्था नाटकं बसवते. मध्ये मोकळी जागा. एका कडेला टेबल, टेबलामागे दोन बायका. भिंतीवर पाच दिवे, प्रत्येकाखाली पाटी : टाळी, हशा, शांतता, चुळबूळ, खोकला. सहावा दिवा लाल. त्याखाली लिहिलंय : उठून गेले.)

हेरंब तगारे आत आला तेव्हा एकही दिवा लागलेला नव्हता.

त्याचं वय अडतीस. व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर त्याची पंधरा वर्षं गेली. त्या काळात तो हवालदार झाला, पोस्टमन झाला, बहिरा शेजारी झाला आणि सगळ्यांत जास्त वेळा 'दुसरा नोकर' झाला. मुख्य भूमिकेसाठी कुणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. दारावरच्या माणसाने बाहेरच सांगून ठेवलं होतं, "आत मायबाप हाईत. त्यास्नी आवडलं तर काम. न्हाईतर बाई तरी काय करणार?"

हेरंबने आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग मायबाप कुठे दिसतात ते पाहिलं. कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं पांढरंशुभ्र कपाट गुणगुणत उभं होतं, वर निळा दिवा. हेरंब त्याच्यासमोर गेला आणि त्याने दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार केला.

"तो फ्रिज आहे," टेबलामागून डॉ. इंद्रायणी पोतनीस म्हणाल्या. "माझा डबा असतो त्यात."

मायबाप टेबलावर होते. काचेच्या वाडग्यात, गुलाबीसर पाण्यात, आवळ्याएवढे.

चुळबुळीचा दिवा लागला.

"सुरू करा," दुसऱ्या बाई म्हणाल्या. त्या निवेदिता ऐनापुरे, दिग्दर्शिका.

नाटकातली भूमिका काकाची. घर सोडून गेलेला काका एकोणीस वर्षांनी परत येतो. तो खरा काका आहे की भामटा, हे घरच्यांना आणि प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळता कामा नये. त्याचं पहिलं वाक्य : "ओळखलंत का?"

हेरंबने ते वाक्य टाकलं. आणि थांबला.

दौऱ्यावरचा नट थांबतोच. हजार माणसांच्या नाट्यगृहात हशा पुढून सुरू होऊन बाल्कनीपर्यंत पोचायला वेळ लागतो. वाक्य टाकायचं, हशा घ्यायचा, तो उतरू लागला की पुढचं वाक्य. पंधरा वर्षं हे केलं की माणूस दूधवाल्याला "अर्धा लिटर" सांगूनही थांबतो.

इथे कुणी हसलं नाही. मायबापांना वाटलं, नट वाक्य विसरला. खोकल्याचा दिवा लागला.

हाउस थंड असेल तर तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने आणि हातवारे करून टाकायचं, ही दौऱ्यावरची दुसरी शिकवण. हेरंबने टाकलं. खोकला वाढला. तिसरी शिकवण म्हणजे उचकी. उचकी कधी वाया जात नाही.

लाल दिवा लागला.

"धन्यवाद," ऐनापुरे बाई म्हणाल्या. "पुढचे."

मध्यंतर

(मध्यंतर फार लवकर आलं, मान्य. पण पुढचं कळायला थोडं विज्ञान लागेल, आणि नाटक चालू असताना विज्ञान सांगितलं तर मागच्या रांगा ओरडतात. वडा घ्या आणि ऐका.)

नाटक उभं करणं महाग झालं होतं आणि उभं केलेलं पडणं त्याहून महाग. प्रेक्षकांना कोण आवडेल हे निर्मात्यांना आधीच कळायला हवं होतं. संगणकाला विचारून पाहिलं. तो फार सभ्य निघाला, त्याला सगळेच आवडायचे. मग पोतनीस बाईंनी जिवंत पेशींचा रस्ता धरला.

निर्मात्याच्या मेहुण्याच्या दंडावरची चिमूटभर कातडी घेतली. त्या पेशींना औषधं देऊन मागे मागे नेलं, इतकं मागे की आपण कातडी आहोत हेच त्या विसरल्या. मग त्यांना पुढे आणलं ते मेंदूच्या पेशी म्हणून. मेहुण्याला नाटकातलं ओ की ठो कळत नाही. पण कातडीला तरी कुठे काय कळत असतं? पेशी कोऱ्या होत्या, हे महत्त्वाचं.

त्यांच्याखाली केसाहून बारीक तारांची जाळी. समोर कॅमेऱ्याला जे दिसतं, माइकला जे ऐकू येतं, ते जाळीतून विजेच्या टिचक्या होऊन पेशींपर्यंत जातं. मग शिकवणी. जुन्या प्रयोगांची चित्रीकरणं दाखवायची. या क्षणी प्रेक्षक हसतील की खोकतील, ते पेशींनी आधी सांगायचं. बरोबर आलं तर टिचक्या एका लयीत येतात, चुकलं तर वेड्यावाकड्या. पेशींना गोंधळ सोसत नाही. पुढे काय होणार ते नीट कळावं म्हणून त्या आपसांतले धागे जोडत, तोडत, बदलत राहतात. वर्षभरात वाडग्यातला तो आवळा मुरलेल्या प्रेक्षकासारखा खोकू लागला. त्याचं शास्त्रीय नाव सांगताना धाप लागते, म्हणून सगळे त्याला मायबाप म्हणू लागले.

यात एकच भानगड होती. गवतातून पहिला माणूस जातो तिथे वाट पडते आणि पुढचा त्याच वाटेने जातो. मायबापांत हेरंब तगारेची जी पहिली वाट पडली, ती थेट खोकल्याकडे जात होती. संगणक असता तर पुसून टाकता आलं असतं. हे मांस होतं.

(तिसरी घंटा. कागद खुर्चीखाली टाकू नयेत.)

प्रवेश दुसरा

(हा प्रवेश कापला आहे. यात हेरंब एसटी स्टँडवर एकटा बसून रडतो. नट रडला तर चांगलं रडतो, पण गोष्ट विनोदी आहे.)

प्रवेश तिसरा

दुसऱ्या दिवशी हेरंब पुन्हा फाउंड्रीत गेला. पोतनीस बाई फ्रिजमधला डबा काढून जेवत होत्या.

"मॅडम, कालचं तेवढं पुसून टाका की."

"पाटी आहे का ती पुसायला?"

"मग नवीन वाडगा?"

"वाढवायला आठ महिने लागतात. निर्माता थांबेल तुमच्यासाठी?"

"नाही."

"मीही नाही थांबणार. भाजी घ्या, दोडका आहे."

हेरंबने दोडका घेतला. नकार पचवायला काहीतरी सोबत लागतं.

"एक होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "सवय. न आवडणारा शेजारीसुद्धा रोज जिन्यात दिसला की चालायला लागतो. वाट मोडता येत नाही, पण शेजारून दुसरी पाडता येते. रोज चालावं लागतं. यांना भरवणारी मुलगी परवा सोडून गेली. अन्नद्रव बदलायचं, जवळ बसून बोलायचं. एकटं ठेवलं की सुकतात."

"मी करतो."

"अट एकच. त्यांच्यासमोर नाटक करायचं नाही. तुम्ही जे आहात तेच राहायचं."

"मी जे आहे ते," हेरंब म्हणाला. पंधरा वर्षांत ही भूमिका त्याला कुणी दिली नव्हती. "पुन्हा ऑडिशन मिळेल?"

"दिवे बदलले तर मी ऐनापुरेंना सांगेन. त्यांनी अजून काका ठरवलेला नाही."

प्रवेश चौथा

(घर. हेरंबची बायको वैजयंता कणीक मळते आहे. दोघं कॉलेजच्या एकांकिकेत भेटले. तिने नाटक वेळेवर सोडलं आणि शाळेत नोकरी धरली.)

वैजयंता : म्हणजे आता तू मेंदूच्या गोळ्याला भरवायला जाणार.

हेरंब : अन्नद्रव बदलणार. भरवणं वेगळं.

वैजयंता : पोरीला कधी भरवलंस? आणि परक्या मेंदूला मात्र...

हेरंब : परका नाही, निर्मात्याच्या मेहुण्याचा आहे.

वैजयंता : वा! म्हणजे घरचाच की! आणि बोलणार काय त्याच्याशी?

हेरंब : जे सुचेल ते.

वैजयंता : माझ्याशी बोलताना तर काही सुचत नाही तुला. (कणकेला एक ठोसा.) हे बघ, ठरलंय ते ठरलंय. दिवाळीपर्यंत मोठं काम मिळालं तर मिळालं. नाहीतर बाबांच्या मिरची कांडपावर बसायचं. त्यांचे गुडघे गेलेत, माणूस पाहिजे.

हेरंब : मामांना सांग, ह्या वेळी मिळणार.

वैजयंता : ते तू त्या आवळ्याला सांग.

प्रवेश पाचवा, सहावा आणि सातवा

(एकदमच. रोज तेच असल्यामुळे वेगळे लिहिण्यात अर्थ नाही.)

जंतू जाऊ नयेत म्हणून हेरंब टोपी, मास्क आणि पायघोळ एप्रन घालून आत जायचा. फक्त डोळे दिसायचे. मायबाप मात्र त्याला पावलांवरून ओळखायचे. तो दारात आला की खोकला. त्याने "नमस्कार" म्हटलं की मोठा खोकला. नळी लावून जुनं द्रव काढलं, नवं भरलं की खोकला जरा कमी. मग हेरंब स्टुलावर बसून बोलायचा. पोरीला गणितात किती पडले. रंकाळ्यावरच्या भेळवाल्याने कांदा कसा कमी केला. वैजू का चिडली. का चिडली हे अजून कसं कळलेलं नाही.

हळूहळू खोकल्याची चुळबूळ झाली. चुळबुळीची शांतता झाली. आणि एक दिवस मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला.

"जावईबापू, कुठं हाय?"

"कामात आहे, मामा."

"कसलं काम?"

"जेवण घालतोय."

"कुणाला?"

"मेंदूला."

पलीकडचं कांडपाचं यंत्र बंद झालं. मग मामांनी काळजीने विचारलं, "वैजीला म्हाईत हाय न्हवं?"

हशाचा दिवा लागला.

हेरंबने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. कुणी नव्हतं. मायबाप हसत होते. पंधरा वर्षं तो ज्यासाठी उचक्या देत आला, ते आज काही न करता मिळालं होतं.

नंतर मागे वळून पाहायचं कारणच उरलं नाही. तो फाटकातून आत आला की हशा. एप्रनची नाडी बांधताना टाळी. शिंकला की टाळी. पोतनीस बाईंनी त्याचं कारणही काढलं. मायबापांच्या जगात एवढी एकच गोष्ट पक्की होती : ही पावलं वाजली की हा आवाज येतो, हा आवाज आला की जेवण येतं. पुढे काय होणार ते अचूक कळतं. पेशींना आणखी काय हवं असतं? "याला प्रेम म्हणायचं का, ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालेलं नाही."

पण त्याचा ताप इतरांना झाला. ऑडिशनला येणारा प्रत्येक नट मायबापांना आता एकाच कारणाने नावडायचा : तो हेरंब नव्हता. साताऱ्याच्या एका मुरलेल्या नटाने काकाचं स्वगत असं म्हटलं की दारावरचा माणूस डोळे पुसू लागला. दिवे? खोकला. तेवढ्यात बाहेर हेरंब शिंकला, तर टाळी. साताऱ्याच्या नटाने वाकून अभिवादन केलं आणि निकाल ऐकून फाउंड्रीच्या खांबाला लाथ मारली. खांब बिडाचा होता. नट लंगडत गेला.

मग नटांना सुगावा लागला. कुणी हेरंबसाठी सातारी कंदी पेढे आणले, कुणी त्याची चाल उचलली. एका सकाळी त्याला फाटकात आपल्यासारखेच चालणारे तिघे दिसले, आणि तिघांपेक्षा आपण वाईट चालतो असं त्याला वाटलं.

ऐनापुरे बाई फक्त ऑडिशनच्या दिवशी यायच्या. त्यांनी त्याच्याकडे एकदाच तोंड वळवलं. "अहो टोपीवाले, एसी जरा कमी करा."

त्याने एसी कमी केला. टाळी.

प्रवेश आठवा

दिवाळीच्या आधीचा शेवटचा ऑडिशनचा दिवस. पोतनीस बाईंनी शब्द पाळला. हेरंब टोपी, मास्क, एप्रन काढून, इस्त्रीचा सदरा घालून दाराबाहेर उभा राहिला. तो आत यायच्या आधीच टाळी लागली. एन्ट्रीला टाळी! हे कुणाला मिळतं ते त्याने पंधरा वर्षं विंगेतून पाहिलं होतं.

"ओळखलंत का?"

टाळी इतकी प्रखर झाली की दिव्यात काहीतरी कडकडलं.

मग हेरंब काका झाला. खांदे किंचित उतरवले, एक पाय ओढला, आवाज खाली नेला. "एकोणीस वर्षं, वहिनी. उंबरा तेवढा झिजलाय."

टाळी विझली. चुळबूळ. मग शांतता, खोकला, हशा, चुळबूळ, सगळे दिवे एकामागून एक, बिघडलेल्या सिग्नलसारखे. पोतनीस बाई उठून उभ्या राहिल्या.

"असं कधी झालं नव्हतं. ते गोंधळलेत. तुम्हाला शोधतायत."

"मला? मी इथेच आहे," हेरंब आपल्या आवाजात म्हणाला.

टाळी.

"उंबरा तेवढा झिजलाय," काका म्हणाला.

सगळे दिवे पुन्हा भिरभिरले.

"अहो, मीच आहे!"

टाळी.

"पुरे," ऐनापुरे बाई म्हणाल्या. "माझ्या आईने माझा एकही प्रयोग नीट पाहिला नाही. मी नाटकात विष प्यायले की ती पहिल्या रांगेतून ओरडायची, 'निवे, काय प्यायलीस गं?' घरच्या माणसाला पात्र दिसत नाही."

पोतनीस बाईंनी आकडा वाचला. टाळ्यांचा हिशेब करणाऱ्या यंत्राला बाकी काही कळत नव्हतं. त्याच्या मते हेरंब तगारे हा या वाडग्यासमोर आलेला सर्वांत लाडका नट होता. निर्मात्याच्या नियमाप्रमाणे भूमिका त्याची.

हेरंबने सदरा सारखा केला. आता फक्त गप्प राहायचं होतं. डोळ्यांसमोर वैजयंता आली, मग मिरची कांडायचा डंका, लाल धूळ, तोंडाला फडकं बांधून बसलेला तो स्वतः.

"मी नाही म्हणणार," ऐनापुरे बाई म्हणाल्या. "दिग्दर्शकाला तेवढा हक्क अजून ठेवलाय. काका अनोळखी वाटला पाहिजे. तुम्ही तर यांच्या घरचे झालात."

"पण बाई, हा मेंदू माझ्या घरचा झाला. प्रेक्षक कुठे झाले?"

"पहिल्या दिवशी नव्हतात ना घरचे? तेव्हाही वाईटच होतात."

"काय वाईट होतं?"

"खोकला लागला होता."

"तो यांना. तुम्हाला काय वाटलं?"

ऐनापुरे बाईंनी दिव्यांकडे पाहिलं.

"मी त्या दिवशी काय घातलं होतं?" हेरंबने विचारलं.

बराच विचार करून त्या म्हणाल्या, "टोपी."

"टोपी मी भरवताना घालतो. तेव्हा मी टोपीवाला नव्हतो, बाई. तुम्ही मला पाहिलं कधी?"

पोतनीस बाई एकदम वाडग्यातल्या तापमानाकडे लक्ष देऊ लागल्या.

"मी दिवे बघत होते," ऐनापुरे बाई हळूच म्हणाल्या.

"आणि आत्ता?"

"आत्ताही." त्यांनी हाताच्या तळव्यांनी चेहरा चोळला. वीस वर्षं त्यांनी नट पाहण्यावर पोट भरलं होतं आणि गेल्या वर्षभरात एकही पाहिला नव्हता. सहा दिवे तेवढे पाठ झाले होते. "पोतनीस, झाका ते."

"कशाने?"

"कशानेही. पोपटाचा पिंजरा झाकतात तसं."

पोतनीस बाईंनी ओढणी काढून वाडग्यावर आणि कॅमेऱ्यावर टाकली, माइकची पिन उपटली. ऐनापुरे बाईंनी खुर्ची उचलून फिरवली. भिंतीवरचे दिवे आता त्यांच्या पाठीशी होते.

"बाहेर जा. आणि या."

हेरंब बाहेर गेला. दारावरच्या माणसाने विचारलं, "काय, पडला?" हेरंब त्याच्याकडे, घर चुकलेला माणूस पाहतो तसा पाहत राहिला. दारावरचा माणूस अस्वस्थ झाला आणि बाजूला सरकला.

प्रवेश नववा

दार वाजलं नाही. उघडलं.

एक माणूस आत आला. पायपुसणं नव्हतं तिथे त्याने पाय पुसले. छताकडे पाहिलं, मग डाव्या भिंतीकडे, तिथे पूर्वी काहीतरी टांगलेलं असायचं आणि आता ते नाही, अशा नजरेने. पोतनीस बाईंकडे पाहून तो हसला. ते हसू एक क्षण उशिरा आलं. मग तो टेबलापाशी आला, रिकामी खुर्ची आपलीच असल्यासारखी ओढून बसला आणि थकल्या आवाजात म्हणाला, "चहा होईल का, वहिनी? साखर तुम्हाला आठवत असेलच."

हे वाक्य संहितेत नव्हतं.

ऐनापुरे बाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्याचे हात पाहत होत्या, नखं पाहत होत्या, सदऱ्याचं वरचं बटण पाहत होत्या. हा खरा की खोटा? साखर किती, ते आपल्याला आठवायला हवं का? त्यांचा डावा हात टेबलावरून हळूहळू सरकत गेला, त्याने टेबलाच्या टोकावरची पर्स धरली आणि उचलून मांडीवर घेतली.

पोतनीस बाईंनी ते पाहिलं. मग ऐनापुरे बाईंनी स्वतः पाहिलं. पर्सकडे, आपल्या हाताकडे, समोरच्या माणसाकडे.

"तालमी सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "दहाला. उशीर चालणार नाही."

हेरंबचा चेहरा उजळला. तो उठला, वाकून नमस्कार करू लागला, "बाई, तुमचे उपकार..." म्हणू लागला. त्याचा नेहमीचा आवाज, नेहमीचे खांदे, सगळं परत आलं होतं.

ऐनापुरे बाईंनी मान डोलावली. पर्स मात्र त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.